तांबडमाळ कुणाचा

होळी झाली की आमच्याकडे राब भाजायचे दिवस येतात. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं तिथे शेण, पालापाचोळा, झाडांची छाटलेली कवळं आणि वर गवत रचायचं, त्यावर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वारा पडलेला बघून पेटवून द्यायचं. मग ते दिवसभर धुमसत राहतं. तो धूर वर जातच नाही. खाचरांवरून, बांधांवरून सरपटत येतो, पडवीत शिरतो, वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो. मी लग्न होऊन शहापूरहून या गावात आले तेव्हा पहिल्या वर्षी त्या धुराने माझं डोकं धरायचं. आता तो वास आल्याशिवाय मला चैत्र आल्यासारखं वाटत नाही.

यंदाही आला. मागच्या दारी भांडी घासत होते. हात तसेच राखेत ठेवून मी नाक वर केलं आणि उभी राहिले.

मुलगी म्हणाली, "आई, काय हुंगतेस एवढं?"

"राबच आहे ना ते बघते."

"मग दुसरं काय असणार?"

तिला काय सांगणार? तिच्या जन्माच्या आधीची गोष्ट. एका चैत्रात तो धूर राबाचा नव्हता. तेव्हापासून दरवर्षी पहिला धूर आला की मी आधी हुंगून बघते आणि मगच श्वास घेते.

*

गावाच्या वरच्या अंगाला तांबडमाळ आहे. धसईला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आधी माळ लागतो, मग गाव. मुरमाड, तांबडी जमीन. पावसात कमरेएवढं गवत, उन्हाळ्यात करवंदीच्या जाळ्या, मध्येच एखादं मोहाचं, ऐनाचं झाड. भात तिथे होत नाही. पूर्वी नाचणी-वरी करायचे, तीही पोटापुरती. मी यायच्या काही वर्षं आधी मुंबईचा एक शेठ धसईच्या एका दलालाला घेऊन आला आणि सगळ्या वाटेकऱ्यांनी मिळून माळ त्याला विकला. तिथे म्हणे आंब्याची बाग होणार होती, मागाहून बंगला. सिमेंटचे खांब पुरले, काटेरी तार ओढली, लोखंडी फाटक बसवलं. कलमं लावली. माझे चुलत सासरे तात्या, ज्यांचा स्वतःचाही वाटा त्या माळात होता, त्यांनाच कलमांवर लक्ष ठेवायला सांगितलं.

मग शेठ यायचा बंद झाला. का, ते कुणाला कळलं नाही. फाटक एका पावसाळ्यात नाहीसं झालं. खांब कलले, तार गंजून गवतात पडली. मी गावात आले तेव्हा माळ विकलेलाही होता आणि गावाचाही होता. दोन्ही एकाच वेळी. गुरं तिथेच चरत. राबाला कवळ तिथलीच, चुलीला सरपण तिथलंच, पोरांना करवंदं तिथलीच. सासूबाई मला पहिल्यांदा माळावर घेऊन गेल्या तेव्हा मी शहरात वाढलेल्या मुलीसारखं विचारलं, "आई, ही जागा आपली आहे का?"

"नाय गो. शेठची हाय."

"मग आपण आत कसे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विचारलं असावं की आपण उन्हात कसे. "आत कुठं? आपण माळावर हाव," त्या म्हणाल्या आणि कोयत्याने फांदी तोडायला लागल्या.

माळ जिथे खाली उतरतो तिथे एक ओहोळ आहे आणि ओहोळाच्या काठावर कातकऱ्यांची वाडी. कुडाची घरं. दिवाळी झाली की त्यातली बहुतेक माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्या वर्षी बुधी गेली नव्हती. तिला नुकतंच मूल झालं होतं. ती आणि तिचा नवरा काळू, दोघं मागे राहिले होते, गावात मिळेल ते काम करत. बुधी माझ्याच वयाची. तिचा जन्म त्याच वाडीतला, तिच्या आईचाही तिथलाच. तिला मी एकदा विचारलं होतं, माळ विकला तेव्हा वाडीचं काय ठरलं? ती म्हणाली, "आमाला कोन इचारतंय? आमी विकला पन नाय नि घेतला पन नाय."

*

ट्रक भर दुपारी यायचा. जेवणं झाल्यावर सगळं गाव आडवं झालेलं असायचं, गुरं सावलीला, रस्त्यावर कुत्रंही नाही. पहिल्यांदा तो आला तेव्हा कुणाला कळलंच नाही. संध्याकाळी गुरं परत आणायला गेलेल्यांनी सांगितलं की माळावर चिंध्यांचा डोंगर पडलाय.

खरं सांगायचं तर आम्ही बायका हरखून गेलो. कसल्या चिंध्या! कापड कारखान्यातली कातरण, कोरी करकरीत. गुलाबी, मोरपंखी, जरीची किनार असलेली. पाठीला पाठ लावून आम्ही ढिगात बसलो आणि गोधड्यांसाठी गठुडी बांधली. सासूबाई मोठ्या आनंदाने म्हणाल्या, "कोन देव मानूस टाकून गेला गो!" त्या वर्षी गावात शिवलेल्या गोधड्या अजून आहेत. त्यातली एक मी मुलीच्या बाळंतविड्यात घातली होती. ती अंगावर घेतली की ऊब येते, आणि ती कुठून आली ते आठवलं की काय वाटतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला चिंध्या नव्हत्या. फोमचे तुकडे होते, रबराचं कसलंसं कापलेलं सामान, फुटक्या बरण्या. त्यानंतर काळ्या पिशव्या, तोंड बांधलेल्या. कुत्र्यांनी त्या फाडल्या तेव्हा आतून औषधांच्या बाटल्या आणि सुया निघाल्या. मग कसलेसे डबे, त्यांतून दाट, काळपट, तेलकट ओघळ. करवंदीच्या जाळीवर तो पडला आणि जाळी आठवडाभरात करपली. आम्ही लांबूनच बघायचो. पोरांना माळावर जायची बंदी केली. गुरं मात्र कोण अडवणार? ती सवयीने तिकडेच वळत.

आणि मग त्या दिवशी धूर आला. सकाळची वेळ होती. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "आज कुनी राब लावला?"

मी म्हटलं, "तात्यांचा असेल."

तेवढ्यात तात्याच अंगणात आले. "वयनी, तुमी राब लावला का?"

तिकडून शेजारीण आली, तीही तेच विचारायला. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने लावला. धूर राबासारखाच सरपटत येत होता, पण त्याला गोडसर, चिकट वास होता. तो घशात उतरला की तिथेच बसायचा. आम्ही माळावर गेलो तेव्हा ढिगाच्या पोटात कुठेतरी आग होती. ज्वाळा दिसत नव्हती. माती टाकली तर दुसऱ्या जागी धूर निघायचा. ती आग किती तरी दिवस धुमसत राहिली.

माझे यजमान तेव्हा कल्याणकडे एका कारखान्यात कामाला होते, आठवड्याने घरी येत. ते आले आणि अंगणातच थबकले. "हा वास..." ते म्हणाले.

मी विचारलं, "ओळखीचा आहे?"

"कारखान्याचा वास असतोय."

"तुमच्या?"

"सगळ्याच कारखान्यांना असतोय गो असा," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला निघून गेले. मी पुढे विचारलं नाही. ज्या वासातून आमच्या घरात पीठमीठ येत होतं, त्याच वासाविषयी मी काय विचारणार होते? आणि त्यांना तरी काय ठाऊक असणार? ते यंत्र चालवत. यंत्रातून जे सांडतं ते मागच्या दाराने कुठे जातं, हे यंत्र चालवणाऱ्याला कोण सांगतं?

*

ओहोळ आटला की वाडीची माणसं त्याच्या वाळूत खड्डा खणतात. त्याला डवरा म्हणतात. तळाशी पाणी झिरपत येतं, ते करवंटीने हळूहळू हंड्यात भरायचं. गावाची विहीर चैत्रअखेर खरवडायला आली की आम्हीही तिथेच जायचो. हंडा भरेपर्यंत बसून राहायला लागायचं, आणि त्या बसण्यात बुधीची आणि माझी मैत्री झाली.

एका सकाळी ती डवऱ्याच्या काठावर नुसतीच बसली होती. करवंटी बाजूला. बाळ मांडीवर.

"वयनी, हे बघा."

पाण्यावर साय धरल्यासारखा एक पातळ पापुद्रा होता. उन्हात त्याला रंग दिसत होते, गुलाबी, मोरपंखी. मला क्षणभर त्या चिंध्याच आठवल्या. बुधीने बाळाची कुंची उचलून दाखवली. मानेवर, काखेत बारीक फोड उठले होते.

"उष्म्यानं उठलं आसल का?" तिने मला विचारलं. मी चार बुकं शिकलेली म्हणून.

"असेल," मी म्हटलं. मग म्हटलं, "कदाचित पाण्यानेही असेल." मग म्हटलं, "नर्सबाईंना दाखवू."

नर्सबाईंनी मलम दिलं आणि पाणी उकळून प्यायला सांगितलं. बुधीने विचारलं, "उकळलं की रंग जातोय का?" नर्सबाईंनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दुसरीकडचं पाणी आणा ना." आम्ही दोघी मान डोलावून बाहेर आलो. दुसरीकडचं म्हणजे कुठचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्याच दुपारी सासूबाईंनी गावातल्या बायकांना उठवलं. ज्या बाईने कातरणाच्या ढिगाला देवमाणसाची देणगी म्हटलं होतं, तीच आता पदर खोचून पुढे निघाली. आम्ही रस्त्यावरून माळाकडे वळणाऱ्या गाडीवाटेवर आडव्या बसलो. बुधी बाळाला झोळीत घालून आली, डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन, कारण तिला डवऱ्यावरून परस्परच यावं लागलं होतं. ऊन असं की समोरचा डांबरी रस्ता हलताना दिसत होता.

ट्रक आला, थांबला. हॉर्न वाजला. कुणी हललं नाही. ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं होतं कुणी दांडगट, दारू प्यायलेला माणूस असेल. हा बारकेला, डोळे लाल, बनियन घामाने अंगाला चिकटलेला.

"मावशी, रास्ता दो ना. खाली करके जाना है."

सासूबाई म्हणाल्या, "ह्यो काय उकिरडा हाय? कुनाच्या परवानगीनं टाकतोस?"

"शेठने बोला है. शेठ की जगह है."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. "कंचा शेठ?"

"मेरे को क्या मालूम? आमच्या शेठला इकडच्या शेठने सांगितलं. मी डिलिव्हरी देतो फक्त."

म्हणजे माळाच्या मालकानेच टाकायला सांगितलं होतं? मग आम्ही कुणाला अडवत होतो? जागा त्याची, कचरा त्याच्या मर्जीचा, आणि वाटेवर बसलेल्या आम्ही कोण? सासूबाईंचाही आवाज एकदम खाली आला. तेवढ्यात ड्रायव्हरने टायरला पाठ टेकली आणि म्हणाला, "पानी मिलेगा थोडा? सुबह से निकला हूँ."

पाणी फक्त बुधीच्या हंड्यात होतं. तिने हंडा कलता केला. त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि डोळे मिटून घटाघटा प्यायला. आमच्यापैकी कुणाला तरी ओरडायचं सुचायच्या आत पिऊन झालं होतं. त्याने ओले हात तोंडावरून फिरवले. "भगवान भला करे," तो बुधीला म्हणाला.

सासूबाईंनी तिचा दंड धरला. "ते पानी पाजलंस त्याला? त्या डवऱ्याचं?"

"मग कंचं पाजू?" बुधी म्हणाली. "आमी तेच पितो."

ड्रायव्हरला मराठी कळत होतं. त्याने हंड्याकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, मग झोळीतल्या बाळाकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मला सांगता येणार नाही. "क्या हुआ पानी को?" त्याने विचारलं. बुधीने हंडा उचलून डोक्यावर घेतला. तो केबिनमध्ये चढला आणि ट्रक मागे मागे घेत मोठ्या रस्त्याला लागला. तो भरलेला ट्रक त्याने पुढे कुठे रिकामा केला असेल, कुठल्या गावाच्या डोक्यावर, हा विचार आम्हाला त्या दिवशी शिवलाही नाही. आम्ही जिंकलो असं म्हणत घरी आलो. फक्त सासूबाई संध्याकाळभर म्हणत राहिल्या, "त्याच्या पोटात दुखलं नसंल ना गो? लांबचा मानूस."

*

दोन दिवसांनी दुसरा ट्रक आला, दुसरा ड्रायव्हर. आम्ही वाटेवर किती दिवस बसणार होतो? मग तात्या आणि मी एसटीने मुरबाडला गेलो. तात्यांना कचेरीत एकट्याने जायची भीती वाटायची आणि मी शहापूरच्या बाजारपेठेत वाढलेली, मला बोलता येतं असा सगळ्यांचा समज होता.

टेबलामागचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, चिंध्यांपासून डवऱ्यापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जागा कुणाची?"

"मुंबईच्या शेठची."

"मग तक्रार त्यांनी करायला हवी."

"ते येतच नाहीत."

"बरं. तुम्हाला कचरा दिसला कसा? म्हणजे तुम्ही तिथे काय करत होतात?"

मी म्हटलं, "कवळ तोडायला जातो. सरपणाला. गुरं असतात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे तुम्ही मला सांगू नका. कुणाच्या खाजगी जागेत शिरून झाडं तोडता, गुरं चारता, हे लिहून घेतलं तर पहिली केस कुणावर होईल?"

तात्या उठूनच उभे राहिले. साहेबांनी त्यांना हाताने बसायला खुणावलं. "मी काही करत नाही हो. पण मलाच कळत नाहीये, मी कुणाचं लिहू. मालकाला आणा."

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी बसले होते. मग म्हणाले, "सुमन, माझ्या बापाचा माळ तो. मी तिथं चोर कवा झालो?"

विकला त्या दिवशी झालात, असं कागदाने म्हटलं असतं. पण त्या दिवशी तर शेठने पेढे वाटले होते.

*

दलालाचं धसईत आता खताचं दुकान होतं. आम्ही त्याला गाठून शेठला बोलवायला सांगितलं. तो म्हणाला, बघतो. त्याने काय केलं ठाऊक नाही, पण वैशाखात एक गाडी आली आणि तीतून शेठच्या ऐवजी एक बाई उतरली. माझ्याहून थोडी मोठी. शेठची मुलगी. शेठ जाऊन बराच काळ झाला होता. इतकी वर्षं आम्ही ज्याची वाट बघत होतो, ज्याला शिव्या देत होतो, ज्याच्या परवानगीविषयी भांडत होतो, तो माणूस या जगातच नव्हता.

ती माळावर आली, ढीग बघितले, नाकाला रुमाल लावला. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "आंबे कुठे आहेत?"

आम्ही सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं.

"पप्पा सांगायचे, आपली आंब्याची बाग आहे मुरबाडला. आम्ही लहानपणी विचारायचो, आंबे कधी येणार? ते म्हणायचे, अजून झाडं लहान आहेत." तिने माळभर नजर फिरवली. "कुठे आहेत झाडं?"

तात्या पुढे आले. हात जोडले नव्हते, पण जोडल्यासारखे दिसत होते. "ताई, पहिल्याच उन्हाळ्यात गेली. मी घालीत होतो पानी. पन वाडीला प्यायला नव्हतं, कलमांना कुठनं घालू?"

ती मान हलवत राहिली. मला वाटतं ती रडत होती, पण रुमाल तोंडावर असल्यामुळे सांगता येत नाही. ट्रकवाल्यांना परवानगी तिने दिली नव्हती. तिला तर ट्रकांचा पत्ताच नव्हता. मग तो 'इकडचा शेठ' कोण? हे आजवर कुणाला कळलेलं नाही. कुणी दलालाचं नाव घेतं. काहीजण दबक्या आवाजात तात्यांचं घेत. वाडीतल्या माणसांवर तर संशय घ्यायला कुणाला कारणही लागत नाही. एका गावात राहून आम्ही काही वर्षं एकमेकांकडे तिरके बघत राहिलो. ट्रकांनी माळावर काय काय टाकलं ते दिसत होतं. हे आमच्यात टाकलेलं दिसत नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. मोजणी झाली. जेसीबी आला, गाडीवाटेवर खोल चर खणला. आता ट्रकच काय, बैलगाडीही आत जाणार नव्हती. कचरा उचलून न्यायला म्हणून कुणी येणार असेल तर त्यालाही आता वाट नव्हती. तेव्हा त्याच जेसीबीने माळाच्या खालच्या अंगाला मोठा खड्डा केला, सगळं त्यात लोटलं आणि वर तांबडी माती ओढली. नवी तार आली, नवे खांब आले. दोन दिवसांत माळ पूर्वीसारखा दिसायला लागला. गावाने नारळ फोडला.

आणि मग लक्षात आलं की नवी तार वाडीच्या मधून गेली आहे. बुधीचं घर तारेच्या आत होतं. ती ज्यासाठी तान्ह्या मुलाला घेऊन उन्हात बसली होती, ते झालं होतं, आणि ते होता होता तीच दुसऱ्याच्या जागेत शिरलेली ठरली होती. मी त्या बाईला गाठलं, सांगितलं. ती गोंधळली. "त्यांना उठवायचं असं मी म्हटलंच नाही," ती म्हणाली. थोडा विचार करून तिने तोड काढली. काळूला माळाचा राखणदार नेमलं. म्हणजे घर राखणदाराचं झालं, तिथे राहायला हरकत नव्हती. तिच्या दृष्टीने तिने चांगलंच केलं होतं. मलाही तेव्हा चांगलंच वाटलं.

राखणदाराचं काम माणसांना आत येऊ न देणं. माणसं म्हणजे आम्ही.

पुढच्या होळीला सासूबाई कवळ तोडायला गेल्या आणि काळू मध्ये उभा राहिला. तो काही उद्धट बोलला नाही. मान खाली घालून म्हणाला, "नको आई. मला इचारतील." सासूबाई रिकाम्या हाताने घरी आल्या. त्या वर्षी राब नुसत्या शेणगवतावर भाजला, आणि त्या महिनाभर बुधीशी बोलल्या नाहीत. बुधी मला म्हणाली, "वयनी, मी काय करू? आडवलं नाय तर आमाला उठवतील. आडवलं तर तुमी बोलत नाय." कोण चुकलं होतं? मी आजही रात्री भात झाकताना, दिवसा वाटेवरून जाताना हा हिशोब मांडून बघते. ड्रायव्हरपासून शेठच्या मुलीपर्यंत एकेकाला उभं करते. प्रत्येकजण थोडा थोडा बरोबर निघतो आणि शेवटी उत्तर कुणाच्याच बाजूला लागत नाही.

आता धसईच्या रस्त्याने मोटारीतून जाणारे लोक माळापाशी थांबतात, फोटो काढतात. गवत छान येतं तिथे. खालच्या अंगाला तर जरा जास्तच हिरवं.

*

तो पुरलेला खड्डा ओहोळाच्या बाजूला होता, हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. ढीग डोळ्यांआड झाले होते, तेवढ्यावर सगळे खूश होते. पुढच्या वैशाखात वाडीने नेहमीच्या जागी डवरा खणला आणि तळाशी पाण्याबरोबर तोच रंगीत पापुद्रा आला.

बुधी घरी आली. सासूबाई पडवीत होत्या, त्यांनी तोंड फिरवलं नाही, एवढंच. ती मला म्हणाली, "माळाच्या वर, जिथून ओहोळ निघतो तिथं खनून बघू. एकटीला जमनार नाय. काळू दगड फोडील, माती कोन काढील?"

"ती जागा तारेच्या आत ना?"

"आत हाय. म्हनून तर सांगायला आले. तुमी या."

मी कुदळ घेऊन निघाले. वाटेत मागे वळून बघितलं तर सासूबाई घमेलं घेऊन येत होत्या.

वर माती कठीण होती. काळूने कुदळ चालवली, मग दगड लागला, तो फोडला, पुन्हा दगड. आम्ही तिघी घमेली बाहेर काढत होतो. बुधीचं मूल आता चालायला लागलं होतं, ते सावलीत माती खात होतं आणि त्याच्या मानेवरचे फोड कधीच गेले होते, कशाने आले नि कशाने गेले कुणास ठाऊक. दुपार कलली तेव्हा तळाशी माती काळी पडली. मग ओली. मग एका कडेने पाणी झिरपायला लागलं, आधी गढूळ, नंतर निवळत.

आम्ही चौघं काठावर बसून राहिलो. पाणी ओंजळभर झालं, करवंटीभर झालं. पापुद्रा नव्हता. रंग नव्हता. वास घेतला, मातीचा येत होता. तहान सगळ्यांना लागली होती आणि हात कुणीच पुढे करत नव्हतं.

शेवटी बुधी खाली उतरली. तिने पहिली करवंटी ओतून दिली. दुसरीही ओतली. तिसरी तोंडाला लावली, थोडं पाणी जिभेवर घोळवलं आणि डोळे बारीक करून तशीच उभी राहिली.

सासूबाईंना राहवलं नाही. "कशी लागते गो चव? पान्यासारखी लागते ना?"

बुधीने पाणी गिळलं. पुन्हा एक घोट घेतला, तोही गिळला.

"नाय सांगता येत, आई," ती म्हणाली. "पानी कसं लागायचं, तेच आता आठवत नाय."

मग तिने करवंटी भरून सासूबाईंच्या हातात दिली.